धातू हलका, ठेका मात्र पस्तीस वर्षांचा



रेल्वे भवनातून निघणाऱ्या पत्रकांत आणि मोठ्या साहेबांच्या भाषणांत गेली काही वर्षे एका धातूचे नाव वारंवार ऐकू येते. डबे अ‍ॅल्युमिनियमचे हवेत, वाघिणी अ‍ॅल्युमिनियमच्या हव्यात, पोलादाचे दिवस संपले, अशी भाषा चालू आहे. ऐकणाऱ्याला वाटावे की या धातूचा शोध कालच लागला. आणि या गौरवाच्या पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात, आणखी एक वाक्य येते: "तुमच्या वर्कशॉपला हे काम जमणार नाही. ते कंपनीच बघेल."

या दुसऱ्या वाक्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे. पण पहिल्या वाक्याची पुरती ओळख करून घेतल्याशिवाय दुसऱ्याला उत्तर देता येत नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. धातुशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. कॅरेज शॉपमध्ये खलाशी म्हणून लागलो, तिथल्या जुन्या वेल्डरांकडून आणि चार पुस्तकांतून जे कळले ते इथे मांडतो. साहेब लोक अवघड शब्द वापरतात तेव्हा कामगार गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर सही-शिक्का होतो, हा आमचा अनुभव आहे.

आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात हा धातू 'जर्मन' या नावाने होता. जर्मनचे पातेले, जर्मनचा टोप. पुढे मिश्रधातूची भांडी आली, त्यांना 'हिंडालियम' म्हणू लागले. आमच्या पोस्टातील बंधूंनी तर हा धातू पोत्यांनी मोजला आहे. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्याचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, सगळी अ‍ॅल्युमिनियमची नाणी. पंधरा पैशांच्या कार्डासाठी खिडकीवर ही नाणी सरकवली जात आणि संध्याकाळी हिशेब जुळवताना ती इतकी हलकी असत की पंख्याच्या वाऱ्याने चळत पडे, असे एक निवृत्त पोस्टमास्तर आम्हाला सांगत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. रेल्वेत म्हणाल तर दाराशी पायाखाली येणारी चेकर्ड शीट, खिडकीच्या चौकटी, सामानाची फळी, ओएचईच्या रिटर्न कंडक्टरची तार, सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम आहेच. तेव्हा नवीन धातू आला म्हणून कामगार बावरला, ही समजूत आधी काढून टाकावी.

हा धातू मातीत मुबलक आहे, पण मोकळा सापडत नाही. १८८६ पूर्वी तो वेगळा काढणे इतके महाग होते की तो चांदीच्या पंक्तीला बसत असे. त्या वर्षी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोघांनी, एकमेकांची गाठभेट नसताना, विजेने तो काढण्याची एकच रीत शोधली. दोघेही १८६३ साली जन्मलेले, म्हणजे आपल्याकडे अप्रेंटिसशिप संपवून नुकती कायम झालेली पोरे असतात त्या वयाचे. आजही साऱ्या जगात हीच रीत चालते. ढोबळ हिशेब असा की चार टन बॉक्साइटपासून दोन टन अ‍ॅल्युमिना आणि दोन टन अ‍ॅल्युमिनापासून एक टन धातू. वितळलेल्या क्रायोलाइटच्या कुंडात, सुमारे ९५० अंश उष्णतेत, रात्रंदिवस वीज सोडायची. एक टन धातूला चौदा हजार युनिटांच्या आसपास वीज लागते. एका युनिटाला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा धरला तर एका टनामागे दहा टन कोळसा जळतो. तो कोळसा कोण वाहतो? आपणच. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून शेकडो प्रवासी गाड्या रद्द झाल्या, तेव्हा लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन आणि कंट्रोलमधील माणसे कशी राबली हे आम्हाला कोणी सांगायला नको. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येक पत्र्यात रेल्वे कामगाराच्या रात्रपाळ्या वितळलेल्या आहेत.

बॉक्साइट कुठून येते तेही बोलले पाहिजे. ओडिशात काशीपूर भागात मैकांच गावी १६ डिसेंबर २००० रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी मेले, बॉक्साइट प्रकल्पाला विरोध करत होते म्हणून. नियमगिरीच्या डोंगराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आपल्याकडे कोल्हापूरच्या डोंगरातले बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात जाते. स्वच्छ, चकचकीत, पर्यावरणाचा मित्र म्हणून जो धातू दाखवला जातो, त्याच्या मुळाशी तांबडी माती, कोळशाची राख आणि विस्थापित माणसे आहेत. मोडीतून पुन्हा धातू काढायला मूळ विजेच्या पाच टक्क्यांच्या आसपासच वीज लागते हे खरे, आणि तो या धातूचा मोठा गुण आहे. पण आधी तो एकदा जमिनीतून निघावा लागतो.

कोरब्याची गोष्ट आमच्या जुन्या वाचकांना पाठ आहे, तरुणांसाठी पुन्हा सांगतो. भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनी, म्हणजे बाल्को, ही १९६५ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. देशाच्या संरक्षण खात्याला लागणारे मिश्रधातू तिथे तयार होत. २००१ साली सरकारने तिचा ५१ टक्के हिस्सा स्टरलाइट कंपनीला ५५१ कोटी ५० लाख रुपयांना विकला. कामगारांनी मार्च महिन्यात संप पुकारला आणि तो सदुसष्ट दिवस चालवला. वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना त्यात एकत्र होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २००१ च्या निकालात सांगितले की निर्गुंतवणूक हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा भाग आहे, न्यायालय त्यात पडणार नाही. पुढे २३ सप्टेंबर २००९ रोजी त्याच कंपनीच्या वीज केंद्राची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळली. किमान चाळीस कामगार गाडले गेले. ठेकेदाराची माणसे होती ती, बहुतेक परराज्यातून आलेली. बिलासपूर झोनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मराठी बंधूंनी ते दिवस जवळून पाहिले आहेत. कारखाना कोणाच्या ताब्यात आहे याने धातूचे गुणधर्म बदलत नाहीत, पण काम करणाऱ्याचे आयुष्य बदलते.

आता गुणधर्मांकडे येऊ. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचे. उघड्यावर त्याच्या अंगावर ऑक्साइडचा बारीक थर आपोआप चढतो आणि तो थरच त्याचे गंजण्यापासून रक्षण करतो. वीज वाहण्यात तांब्याच्या साठ टक्के, पण तितक्याच वजनाच्या तांब्याशी तुलना केली तर दुप्पट. शुद्ध धातू मऊ असतो, म्हणून त्यात दुसरे धातू मिसळतात. तांबे मिसळले की ड्युरालुमिन जातीचा बळकट मिश्रधातू होतो, विमानाला चालतो, पण खाऱ्या हवेत टिकत नाही. मॅग्नेशियम मिसळले की समुद्राच्या हवेला दाद न देणारा होतो. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही मिसळले की लांबच लांब पोकळ साचे दाबून काढता येतात, आणि रेल्वेच्या डब्याला लागतो तो मुख्यतः हाच. जपानच्या शिंकान्सेनच्या २०० मालिकेच्या गाड्या १९८२ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांनी धावू लागल्या. आपल्या पुण्याच्या मेट्रोचे डबेही त्याचेच आहेत.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरहून ६१ वाघिणींचा पहिला देशी अ‍ॅल्युमिनियमचा रेक सुटला. आरडीएसओ, हिंदाल्को आणि बेस्को यांनी मिळून तो बनवला. सरकारी पत्रकाप्रमाणे तो पोलादी रेकपेक्षा १८० टन हलका आहे, म्हणजे वाघिणीमागे जवळजवळ तीन टन. तेवढा कोळसा जास्त भरता येतो. रिकामा रेक परत येताना तेवढे मेलेले वजन ओढावे लागत नाही. किंमत पस्तीस टक्के जास्त, पण आयुष्य दहा वर्षांनी जास्त आणि मोडीत ऐंशी टक्के किंमत परत, असा हिशेब दिला आहे. हा हिशेब आम्ही खोटा म्हणत नाही. आमचा या धातूशी काही वैर नाही. हलकी वाघीण म्हणजे इंजिनावर, चाकांवर, रुळांवर कमी ताण, आणि रुळांवर कमी ताण म्हणजे आमच्या ट्रॅकमेंटेनरच्या पाठीवरही थोडा कमी.

पण त्याच पत्रकात एक छोटे वाक्य आहे, ते कोणी वाचत नाही. या वाघिणीच्या वरच्या सांगाड्यात वेल्डिंग कुठेच नाही, सगळी जोडणी लॉकबोल्टची आहे. का बरे? याचे उत्तर ज्याला कळले त्याला अ‍ॅल्युमिनियम कळले.

पोलादाला वेल्ड मारताना वेल्डर रंग पाहतो. तांबूस, मग नारिंगी, मग पांढरट, अशी सूचना देत देत लोखंड वितळते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलतच नाही. ६६० अंशाला वितळते, पण वितळेपर्यंत दिसते तसेच, आणि क्षणात खाली गळून पडते. त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडचा थर मात्र दोन हजार अंशांच्या वर वितळतो. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी तशीच. ही कातडी आधी स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशने घासून काढायची. पोलादावर वापरलेला ब्रश चालत नाही. वायू शुद्ध आर्गॉन लागतो. हवेत किंवा तारेवर जरा ओल असली की जोडाच्या पोटात सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या राहतात. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये हे काम करून दाखवावे, आम्ही साहेबांना हार घालू. उष्णता पोलादापेक्षा कितीतरी वेगाने पसरते आणि धातू पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून लांब पत्रा वेडावाकडा होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा मिश्रधातू आपली ताकद भट्टीतल्या ठरावीक तापवण्या-निवण्यातून मिळवतो. वेल्ड मारला की जोडाच्या दोन्ही बाजूंची पट्टी ती ताकद गमावून बसते, तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत. जोड वरून सुंदर दिसतो, अशक्तपणा असतो त्याच्या शेजारी. लंडनमध्ये पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, ३१ माणसे मेली. अपघाताचे कारण सिग्नल ओलांडणे हे होते आणि पुष्कळ हानी आगीने झाली, तो दोष धातूचा नाही. पण त्यातील एक गाडी अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि तिचे लांब वेल्ड पिशवीची चेन उघडावी तसे उसवत गेल्याचे दिसले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत हा प्रश्न पुढे आला आणि त्यानंतर असे जोड बळकट कसे करावेत यावर युरोपात संशोधन झाले. तिथे प्रश्न विचारला गेला, उत्तर शोधले गेले. आपल्याकडे प्रश्न विचारणारा कर्मचारी 'प्रगतीच्या आड येणारा' ठरतो.

शिवाय हा धातू पोलादाच्या एक-तृतीयांशच ताठ आहे, आणि वारंवार हेलकावे बसले की किती ताणाखाली तो कायमचा सुरक्षित राहील अशी स्पष्ट मर्यादा पोलादासारखी त्याला नाही. म्हणून तडा शोधण्याची तपासणी जास्त बारकाईने करावी लागते. जिथे अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या बोल्टला भिडते तिथे मध्ये इन्सुलेशन नसेल आणि खारी ओल असेल तर अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. कोकणपट्टीत चालणाऱ्या गाडीला याचा अर्थ काय हे रत्नागिरीच्या कोणाही सायकल दुरुस्त करणाऱ्याला विचारा. थोडक्यात, या धातूला पोलादापेक्षा कमी नव्हे, जास्त कुशल हात लागतात, आणि ते हात गाडीजवळ, शेडमध्ये, कायम हजर लागतात.

एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, आमच्याच उमेदवारीच्या काळातील आहे. डिझेल इंजिनाच्या पंख्याचे अ‍ॅल्युमिनियमचे एक ओतीव कव्हर तडकून आले. नवीन भाग स्टोअरमध्ये नव्हता, इंजिन त्याच दिवशी लाइनवर हवे होते. सुपरवायझरने एका ज्येष्ठ वेल्डरला सांगितले, "लाव रे जरा टाका." त्याने सांगितले की आपल्याकडे यासाठी मशीन नाही, आर्गॉन नाही, योग्य तार नाही. त्याला उत्तर मिळाले, "वीस वर्षे नोकरी करून एवढे येत नाही?" त्याने साध्या मशीनवर प्रयत्न केला. कव्हर रंग न बदलता मधोमध गळाले आणि वितळलेला धातू त्याच्या बुटावर पडला. पायाला भाजले. आठ दिवसांनी त्याला मेमो मिळाला, रेल्वेच्या मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल. आम्ही तेव्हा शाखेचे साधे सभासद होतो. त्या मेमोचे उत्तर लिहिताना आमच्या सेक्रेटरींनी अ‍ॅल्युमिनियमचे गुणधर्म एका पानावर लिहून जोडले आणि खाली विचारले, "या धातूचे प्रशिक्षण सदर कर्मचाऱ्यास कोणत्या तारखेस दिले गेले, ते कृपया कळवावे." उत्तर आले नाही. मेमो फायलीत विरला. पण पुढच्या वर्षीपासून तसले सगळे काम बाहेरच्या ठेकेदाराकडे जाऊ लागले. त्याच्या वेल्डरला महिन्याला किती मिळत होते हे आम्ही चौकशी करून काढले होते, आपल्या खलाशापेक्षाही कमी. आधी शिकवायचे नाही, मग येत नाही म्हणायचे, मग काम ऑफलोड करायचे आणि शेवटी पदे सरेंडर करायची. चार पायऱ्यांची ही शिडी तेव्हापासून आमच्या चांगली ओळखीची आहे.

आता कोणी म्हणेल की भारतीय रेल्वेचा कामगार नवे तंत्र शिकू शकत नाही. त्यांना आम्ही एटी वेल्डिंगच्या जागी घेऊन जाऊ इच्छितो. रुळाला रूळ जोडण्याचे हे काम अ‍ॅल्युमिनियमशिवाय होत नाही. १८९५ साली जर्मनीत गोल्डश्मिट यांनी याचे पेटंट घेतले. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड एकत्र करून पेटवले की अ‍ॅल्युमिनियम त्या गंजातला ऑक्सिजन ओढून घेते आणि काही सेकंदांत अडीच हजार अंशांच्या घरातले वितळलेले पोलाद मुशीतून साच्यात उतरते. ब्लॉक मिळालेला असतो थोडा, वर सूर्य, खाली गिट्टी, मुशीत ओल राहिली तर स्फोट. तरीही फट मोजून, साचा बसवून, रुळाचे तोंड आधी तापवून, ओतून, कापून, घासून ब्लॉक संपायच्या आत गाडी सोडणारा माणूस आमचा गँगमन आहे, ज्याला कागदावर 'अकुशल' म्हणून भरती केले गेले. अ‍ॅल्युमिनियमची सर्वांत धोक्याची करामत तो गेली कित्येक दशके करतो आहे. त्यातलेही काम कित्येक विभागांत ठेकेदाराकडे गेले, आणि थंडीतल्या पहाटे तुटलेला जोड शोधायला मात्र आमचाच कीमन चालतो.

आणि इतिहास पाहा. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ साली सुरू झाली. तंत्र स्वित्झर्लंडच्या कंपनीचे, पण त्या तंत्राबरोबर आपल्या माणसांचे शिक्षण आले, आणि पुढे हजारो डबे आपल्याच हातांनी बनले. जर्मनीहून एलएचबी डबे २००० साली आले, तेव्हा कराराच्या बरोबर तंत्र कपूरथळ्याला आले. स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंगही तेव्हा नवे होते, अवघड होते. आपला कामगार शिकला. ज्या वंदे भारतचा एवढा गाजावाजा होतो, तिची पहिली गाडी २०१८ मध्ये पेरांबूरच्याच कामगारांनी आणि इंजिनीअरांनी अठरा महिन्यांत बांधली. तेव्हा 'जमणार नाही' हे कोणी कोणाला सांगावे?

मग या वेळी काय वेगळे आहे? निविदेतल्या आकड्यांत ते दिसते. अ‍ॅल्युमिनियमच्या शंभर वंदे भारत गाड्यांची निविदा ३० मे २०२३ रोजी उघडली. एकूण तीस हजार कोटींचे काम. वृत्तपत्रांत छापून आलेली वाटणी अशी होती: गाड्या दिल्यावर तेरा हजार कोटी आणि पुढची पस्तीस वर्षे देखभालीसाठी सतरा हजार कोटी. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. गाडीपेक्षा गाडीच्या देखभालीचा पैसा जास्त! कंपनीला धातू विकण्यात जितका रस नाही तितका पस्तीस वर्षे आपल्या शेडमध्ये बसण्यात आहे. आज अप्रेंटिस म्हणून लागलेला मुलगा निवृत्तीच्या दाराशी येईपर्यंत त्या गाडीला हात लावू शकणार नाही, असा तो हिशेब. ती निविदा २०२४ मध्ये रद्द झाली. कारण काय? कंपनीने सांगितलेला भाव जास्त वाटला. कामगारांचे काम जाते म्हणून रद्द झालेली नाही. उद्या भाव उतरला की ती पुन्हा येऊ शकते.

आणि ही धातूचीच सक्ती आहे म्हणावे, तर लातूरकडे पाहा. मराठवाडा रेल कोच फॅक्टरी रेल्वेच्या, म्हणजे जनतेच्या, पैशाने उभी राहिली. मार्च २०१८ मध्ये भूमिपूजन झाले, डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर आला. मराठवाड्यातील पोरांनी तिथल्या रेल्वेच्या नोकरीची स्वप्ने पाहिली, आयटीआयच्या रांगा वाढल्या. २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांचा करार झाला तो रशियाची कंपनी आणि आरव्हीएनएल यांच्या भागीदारीशी. मूळ करार १२० गाड्यांचा, देखभाल पस्तीस वर्षे, कारखाना लातूरचा. त्या गाड्या अ‍ॅल्युमिनियमच्या नाहीत. धातू पोलाद असो की अ‍ॅल्युमिनियम, कलम तेच आहे. 'नवीन धातू' हे फक्त तोंडावर मारायचे कारण आहे.

आमच्यातलेही काही साथी म्हणतात की मग आपण अ‍ॅल्युमिनियमलाच विरोध करू, पोलादी डबे आणि जुने शॉप तसेच ठेवू. हे आम्हाला पटत नाही. वाफेची इंजिने गेली तेव्हा अशीच भाषा झाली होती. बॉयलरमेकर, फायरमन यांचे हाल झाले ते डिझेल आले म्हणून नव्हे. ज्यांना वेळेवर दुसरे काम शिकवले ते तरले, ज्यांना सरप्लसच्या यादीत टाकले ते भरकटले. धातूला विरोध करून आपण आपल्याच हाताने साहेबाला सांगू की होय, आम्हाला जमत नाही. आपली मागणी उलटी असली पाहिजे: हा धातू आमच्या शॉपमध्ये आणा, पण आमच्या हातांसाठी आणा.

आणि शिकण्याची सोय देशात नाही असे नाही. नागपूरला अमरावती रस्त्यावर वाडी येथे जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र १९८९ पासून आहे. सरकारचे, खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतले. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोघांचेही विभाग त्याच शहरात आहेत. अजनीपासून तिथे जायला बस मिळते! त्याच नागपुरात अंबाझरीची आयुध निर्माणी, जिथे संरक्षणासाठी अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू ओतले आणि दाबून काढले जातात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या आणि अंबाझरी त्यांतल्या एकीत गेली, तरी भट्ट्या आणि ती चालवणारे हात तिथेच आहेत. धातूची विद्या सरकारी केंद्रात, अनुभव सरकारी कारखान्यात, गरज रेल्वेची, आणि करार मात्र परदेशी कंपनीशी. या तिघांना एका टेबलावर बसवायला पैसा फार लागत नाही, इच्छा लागते.

म्हणून आमचे म्हणणे प्रशासनापुढे असे राहील. अ‍ॅल्युमिनियमची वाघीण किंवा डबा ज्या झोनमध्ये येणार असेल तिथे तो येण्याआधी किमान एका वर्कशॉपमध्ये बंदिस्त, कोरडी, स्वतंत्र वेल्डिंग बे, आर्गॉनची व्यवस्था, लॉकबोल्टची हत्यारे आणि तडा तपासणीची यंत्रे बसली पाहिजेत. वेल्डर आणि तपासनीस यांना पूर्ण पगारावर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळाले पाहिजे, आणि त्या प्रमाणपत्राला ग्रेडमध्ये किंमत असली पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम घासताना उडणारी बारीक भुकटी पेट घेते, म्हणून धूळ ओढून घेणारी व्यवस्था आणि मास्क यांत तडजोड चालणार नाही. गॅरंटीचा काळ संपला की देखभाल रेल्वेकडे आली पाहिजे आणि नकाशे, मिश्रधातूची माहिती, दुरुस्तीची पद्धत सगळी कराराच्या दिवशीच आपल्या हाती पडली पाहिजे. पस्तीस वर्षांच्या देखभालीचे कलम आम्हाला कोणत्याही धातूच्या गाडीत मान्य नाही.

पोस्टातील बंधूंना वाटेल की यात आपला काय संबंध. तुमच्याकडेही आधी माणसे कमी करायची, मग खिडकीवर रांग वाढली की 'सेवा नीट मिळत नाही' म्हणायचे आणि मग काम फ्रँचायझीला द्यायचे, हीच शिडी आहे. पायऱ्या सारख्याच, फक्त धातूच्या जागी टपाल.

सर्व वर्कशॉप आणि शेड शाखांच्या सेक्रेटरींना विनंती आहे. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे कोणते काम सध्या होते, कोणते ऑफलोड झाले आणि कोणत्या वर्षापासून, आर्गॉनवर काम करू शकणारे किती वेल्डर आहेत, त्यांतील किती जण येत्या पाच वर्षांत निवृत्त होतात, आणि गेल्या दहा वर्षांत वेल्डरची किती पदे सरेंडर झाली, एवढी माहिती साध्या कागदावर लिहून झोनल कार्यालयाकडे पाठवावी. एटी वेल्डिंगच्या गँगची माहिती वेगळी द्यावी. पुढील पीएनएम बैठकीच्या अजेंड्यासाठी ती वेळेत हवी आहे. ज्या शाखांकडे अशा कामावरून दिलेल्या मेमोच्या किंवा चार्जशीटच्या प्रती असतील, त्यांनी त्या न विसरता जोडाव्यात.